हिंदू कॉलनी आणि पारसी कॉलनी : दादर टीटीला उतरून कुठे वळायचं?

परवा एका मित्राला पत्ता सांगितला, दादर पूर्वेच्या टीटी स्टॉपला उतर, हिंदू कॉलनीत ये, आणि हा पठ्ठ्या पाऊण तास पारसी कॉलनीतल्या फाईव्ह गार्डन्सला चकरा मारत बसला, का तर म्हणे "झाडं आणि जुन्या बिल्डिंगी दिसल्या, मला वाटलं हीच". त्याची चूक नाही म्हणा, दोन्ही कॉलन्या एकाच आईच्या पोटच्या आहेत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, त्यात दाटीवाटीच्या जुन्या वस्त्या, अंधाऱ्या खोल्या यांचं काय होतं ते सगळ्यांना दिसलं, मग १८९८ ला शहर सुधारण्यासाठी सरकारी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला आणि त्यांनी उत्तरेकडे दादर-माटुंग्याला शेतं आणि मोकळ्या जागा घेऊन प्लॉट पाडले. रुंद रस्ते, बिल्डिंगभोवती सोडलेली जागा, दोन-तीन मजलेच, म्हणजे घरात वारा-उजेड हवा हाच सगळा हिशोब. दोन्हीकडे हेच दिसतं, त्यामुळे नुसतं बघून गोंधळ होणारच.

फरक पडतो तो प्लॉट कोणाला मिळाले त्यावरून. ट्रस्टमध्ये मंचेरजी एदलजी जोशी नावाचे पारसी इंजिनियर होते (हो, पारसी आणि जोशी, मलाही लहानपणी गंमत वाटायची), त्यांनी ट्रस्टच्या मागे लागून १०३ प्लॉट पारशांसाठी राखून घेतले. म्हणजे मध्यमवर्गीय पारशांची वस्ती असं आधी ठरलं आणि घरं नंतर उभी राहिली. फाईव्ह गार्डन्सलाही त्यांचंच नाव आहे. आता लोक अजून एक घोळ करतात, ही वस्ती म्हणजे कुलाब्याच्या खुसरो बाग या पारशांच्या बंदिस्त वस्तीसारखी समजतात. तसं नाहीये. अशा बागेला भिंत आणि गेट असतं, घरं पारशांच्या धर्मादाय ट्रस्टची. पारसी कॉलनीला ना भिंत ना गेट, रस्ते सरळ पालिकेचे, कोणीही आत शिरावं आणि बाकड्यावर बसावं. पायरीशी चुन्याच्या पावडरीने छापलेली माशांची नक्षी दिसली की समजायचं आपण कुठे आहोत.

हिंदू कॉलनी आंबेडकर रोडच्या अलीकडे, रेल्वेच्या बाजूला, आणि पारसी कॉलनी रोडच्या पलीकडे. इथे गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली, दुसरी, तिसरी, आणि जुनी माणसं पत्ता असाच सांगतात. शाळा म्हणाल तर किंग जॉर्ज, आताची राजा शिवाजी विद्यालय, पण आमच्याकडे अजून किंग जॉर्जच. बिल्डिंगी म्हणजे गोल कोपऱ्याच्या गॅलऱ्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, तळमजल्यावर कोणीतरी डॉक्टर.

आणि इथेच राजगृह आहे. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात स्वतःसाठी बांधून घेतलं, मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव दिलं, आणि बांधताना माणसांइतकाच पुस्तकांचा विचार केला, संग्रह पन्नास हजारांवर गेला म्हणतात. नावात "हिंदू" असलेल्या कॉलनीतली सगळ्यात प्रसिद्ध वास्तू ही, हा योगायोग मला दरवेळी तिथून जाताना आठवतो.

आजचा फरक बघायचा तर मान वर करा. हिंदू कॉलनीत रिडेव्हलपमेंट जोरात आहे, जुन्या तीन मजल्यांच्या मधेच एकदम टॉवर, खाली पार्किंगचे मजले. पारसी कॉलनीत बहुतेक ठिकाणी झाडं अजून बिल्डिंगांपेक्षा उंच दिसतात.

बाय द वे, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम १९६४ लाच बंद झाली, पण बसमध्ये "एक टीटी द्या" असं आजही म्हणतात. मित्राला मी आता लिहून पाठवलंय : टीटीला उतर, रस्ता ओलांडू नकोस.