मायाळू पोरगं आणि भेदभाव न करणारं पोरगं, एकच का?

चोपड्याचा माझा भाचा दुसरीत आहे, इतका मायाळू की वासरू लंगडलं तरी याच्या डोळ्यात पाणी. कापूस वेचायला सातपुड्यातून एक पावरा आदिवासी कुटुंब आलं होतं, त्यांच्या पोरीला थंडी वाजते म्हणून यानं स्वतःहून आपलं स्वेटर दिलं. सगळ्यांनी कौतुक केलं, मीपण केलं. पण दुपारी ती पोरगी ओट्यावर भाकर खायला बसली तसा हा ताट उचलून आत, म्हणे "ते लोकं वेगळे असतात ना मामा".

इथेच आपण गल्लत करतो. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला दुखणं वेगळं, आणि त्याच्या समाजाबद्दल मनात काय बसलंय ते वेगळं. पहिलं समोरचा माणूस बघून येतं. दुसरं घरातून येतं, आपण सहज "हे लोक असेच" बोलून जातो, मजुरांचा कप वेगळा ठेवतो, पोरं बघत असतात. जर्मनीच्या राबे आणि बीलमान या संशोधकांनी शंभरावर अभ्यास एकत्र तपासून २०११ मध्ये मांडलं की पूर्वग्रह साधारण ५ ते ७ वर्षांच्या वयात सगळ्यात जोरात असतो. म्हणजे भाच्याचंच वय.

पण माया आणि पूर्वग्रह यांचा संबंधच नाही असंही नाही. पेटिग्रू आणि ट्रॉप या अमेरिकेच्या संशोधकांनी २००८ मध्ये बघितलं की वेगळ्या गटातल्या लोकांशी संबंध आला की पूर्वग्रह कमी का होतो, तर नुसत्या माहितीनं थोडासाच फरक पडतो, मनातली धास्ती जाणं आणि समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवता येणं याचा जास्त. म्हणून शाळेत आदिवासींच्या होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारावर निबंध लिहून घेतला की झालं, असं मला अजिबात वाटत नाही. आणि स्वेटर देण्यात एक देणारा एक घेणारा, बरोबरी कुठेय? ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहिलंय, पूर्वग्रह कमी व्हायचा तर दर्जा बरोबरीचा हवा, काम एकत्र हवं. ॲरनसन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमधल्या शाळांत तेच केलं, गोरी, काळी, मेक्सिकन मुळांची पोरं एका गटात, धड्याचा एकेक तुकडा एकेकाकडे, म्हणजे एकमेकांचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होणारच नाही.

दिवाळीत भाचा पुण्याला गेला, तिथल्या पोरांनी त्याच्या अहिराणीची नक्कल केली, रडतच आला. मी विचारलं, तू त्या स्वेटरवाल्या पोरीच्या पावरी बोलीला हसतोस तेव्हा तिला कसं वाटत असेल रे? गप्प बसला. दुसऱ्या दिवशी विचारतो, मामा, पावरीत पाण्याला काय म्हणतात? म्हटलं मला नाही येत, तिलाच विचार.