दात्याची अट आणि शहराची गरज: नागपुरातल्या दानाच्या वाटा

आमच्या संस्थेच्या कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. वर शाईने ‘कायम ठेवी’ असे लिहिले आहे. १९७४ च्या पानावरची एक नोंद मी कितीदा तरी वाचली असेल. एका निवृत्त शिक्षकांनी दिवंगत पत्नीच्या नावे १,००१ रुपये ठेवले. त्याच्या व्याजातून शालान्त परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला दरवर्षी बक्षीस द्यायचे, अशी अट. त्या काळी व्याजाच्या साठ-सत्तर रुपयांत मुलीला चांगला शब्दकोश मिळायचा, वर पेनही यायचे. आजही व्याज साठ-सत्तरच येते. मुद्दलाला हात लावायचा नाही, बक्षीस दुसऱ्या विषयाला द्यायचे नाही. अशा सव्वीस ठेवी त्या वहीत आहेत आणि प्रत्येकीला आपली अट आहे.

नागपुरात देणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. दिलेला पैसा बदलत्या गरजेपर्यंत कसा पोहोचवायचा, यावर मात्र आपण फारसा विचार केला नाही. सार्वजनिक निधीबद्दल, म्हणजे साऱ्या शहराने मिळून एक गंगाजळी उभारावी आणि शहरातल्याच जाणत्या माणसांनी तिचे वाटप करावे या कल्पनेबद्दल, आता पुन्हा बोलले जाते. म्हणून मागचा प्रवास एकदा नीट पाहायला हवा.

सर्वांत जुनी वाट धान्याची आणि जेवणाची. महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांमधून गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. माधुकरी मागून शिकलेल्यांच्या आठवणी पुष्कळ घरांत अजून सांगितल्या जातात. यात पावती नव्हती आणि ठेवही नव्हती. एक घर बंद झाले तर शेजारचे दार वाजवायचे. पण ही दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. जातीच्या उंबऱ्यापाशी ती थांबत होती, हे विसरून त्या काळाचे कौतुक करता येणार नाही.

इंग्रजी अमदानीत दान संस्थांकडे वळले. १८८५ साली सुरू झालेले मॉरिस कॉलेज हे लोकवर्गणीचे अपत्य. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या स्मरणार्थ पैसा गोळा झाला आणि त्यातून कॉलेज उभे राहिले. नाव साहेबाचे, पण उपयोग इथल्या पोरांना झाला. मूळचे बिकानेरचे, कामठी-नागपुरात पेढ्या असलेले डागा घराणे शहराला आज दोन नावांनी रोज भेटते: कस्तुरचंद पार्क आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय. दगडावर नाव कोरण्याची रीत याच काळात रुजली. ती खाली झिरपत इतकी आली की देवळातल्या, दवाखान्यातल्या पंख्यांच्या पात्यांवरही लाल तैलरंगात ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’ असे लिहिलेले दिसते. मला त्या पात्यांविषयी आदरच वाटतो. गिरणीतल्या एखाद्या माणसाने पगारातून वर्षभर बाजूला टाकलेले पैसे असतात ते.

मोठ्या दानाचे नागपुरातले सर्वांत ठळक उदाहरण रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचे. कामठीचे हे गृहस्थ मँगनीजच्या खाणींवर श्रीमंत झाले. १९३० च्या मृत्युपत्राने त्यांनी सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी दिली. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. त्या पैशातून लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपले एलआयटी, सुरू व्हायला १९४२ उजाडले. मृत्युपत्रापासून पहिल्या वर्गापर्यंत बारा वर्षे गेली. अट मात्र शहाणपणाची होती. तिने क्षेत्र ठरवून दिले, त्या क्षेत्रात काय आणि कसे शिकवायचे हे येणाऱ्या पिढ्यांवर सोडले. म्हणून अजूनही त्या दानाला धार आहे.

त्याच्या आधीपासून श्रीमंतांच्या पैशाशिवायही कामे उभी राहत होती. किसन फागूजी बनसोड यांनी १९०७ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. रेल्वे स्टेशनवर ओझी वाहिलेल्या जाईबाई चौधरी यांनी १९२२ मध्ये त्याच नावाने मुलींची शाळा उभी केली. कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन तरुण विधवांनी १९२१ साली सीताबर्डीवर, म्हणजे आपल्या बर्डीवर, मातृ सेवा संघ सुरू केला. डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी बाळंतपणे करायला सुरुवात केली. या बायांनी आपले आयुष्य दिले, पैसा मागून आणला. दानशूरांच्या यादीत त्यांची नावे आपण सहसा घालत नाही. माझ्या मते ती आधी घालायला हवीत.

सामाईक निधीची कल्पनाही नागपूरला नवी नाही. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन इथे भरले आणि टिळक स्वराज्य निधीचा विषय देशभर गेला. पुढच्या वर्षी ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे लक्ष्य ठेवले गेले आणि ते गाठले गेले. त्यात शेठजींच्या हजारांबरोबर बायकांच्या बांगड्याही होत्या. एक हेतू, एक निधी आणि खर्च ठरवणारी समिती.

त्याहून मोठी गोष्ट १५ ऑक्टोबर १९५६ ची. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातच केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, असे सांगितले. समोर बसलेली बहुतेक माणसे गिरणीत, शेतात, रेल्वेत राबणारी होती. बाबासाहेबांनी ठराविक रक्कम मागितली नाही, प्रमाण मागितले. ज्याची मिळकत कमी त्याचे देणेही कमी, पण मान सारखा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या वाटेवर दुतर्फा जेवणाचे, पाण्याचे मंडप लागतात. तिथे वाढणारे पुष्कळसे लोक कर्मचारी संघटनांचे आणि मोहल्ल्यातल्या मंडळांचे असतात. वर्षभर थोडेथोडे जमवून ते हे करतात. विसाव्या भागाची ती शिकवण मला तिथे दिसते.

आता कायद्याकडे येऊ, कारण दानाच्या वाटा तिथेच अरुंद किंवा रुंद होतात. १८६० चा संस्था नोंदणी कायदा जुनाच. नागपूर मध्य प्रदेशात असताना १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याने नोंदणी जिल्हाधिकाऱ्यांकडे होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथे लागू झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. तेव्हापासून धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय हे प्रत्येक विश्वस्ताचे नेहमीचे ठिकाण झाले. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, जमीन विकायची तर कलम ३६ खाली परवानगी, दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब. या शिस्तीने कितीतरी जमिनी वाचल्या. अट कालबाह्य झाली तर काय, याचे उत्तरही त्याच कायद्यात कलम ५५ मध्ये आहे: मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा उपयोग न्यायालयाकडून ठरवून घ्यायचा. पण हजार रुपयांच्या ठेवीसाठी न्यायालयाची पायरी कोण चढणार? म्हणून वह्या तशाच पडून राहतात.

१९६८ पासून आयकराची ८०जी ची सूट आली आणि दानाला पावतीची सवय लागली. सर्वसाधारण नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर सूट, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. रोख दोन हजारांपेक्षा जास्त दिले तर सूट नाही. नवी करप्रणाली निवडली तर ही सूट मिळतच नाही, हे अनेकांना मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कळते. अलीकडच्या काही वर्षांत संस्थेने दात्याच्या पॅनसह विवरण भरावे लागते. छोट्या संस्थांच्या कोषाध्यक्षांना याचा त्रास होतो, पण खोट्या पावत्यांना त्यामुळे आळा बसला, हे मान्य करायला हवे.

परदेशात हाच अटींचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका बँकरला पडला. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ एका ट्रस्ट कंपनीचे प्रमुख होते. मेलेल्या दात्यांच्या अटींनी बांधलेला पैसा त्यांच्या हातात होता आणि त्यातल्या कितीतरी अटींना आता अर्थ उरला नव्हता. त्यांनी १९१४ साली क्लीव्हलंड फाउंडेशन काढले. अनेक दात्यांचे निधी एकत्र ठेवायचे, गुंतवणूक एकत्र करायची आणि उत्पन्न कुठे खर्च करायचे हे शहरातल्या जबाबदार नागरिकांच्या समितीने ठरवायचे. पुढे त्यात प्रकार पडले: संपूर्ण मोकळा निधी, एखाद्या क्षेत्रापुरता निधी, एखाद्या संस्थेसाठी राखलेला निधी, शिष्यवृत्तीचा निधी, आणि दात्याचा सल्ला घेऊन वाटायचा निधी. आपल्याकडे १९९१ मध्ये मुंबईत बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच विचाराने सुरू झाला.

ही पद्धत आपल्याकडे वेगाने का पसरली नाही, याची कारणे कायद्यातच दिसतात. असा निधी स्वतः शाळा किंवा दवाखाना चालवत नाही, चालवणाऱ्यांना पैसा देतो. परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्याला बंदी आली. आयकराच्या २०२३ च्या तरतुदीने एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या रकमेतले ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जाऊ लागले. कंपन्यांच्या सीएसआरने, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाने, १ एप्रिल २०१४ पासून मोठा पैसा आणला, सरासरी नफ्याचे दोन टक्के. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेकोलि (कोळसा) आणि मॉयल (मँगनीज) यांसारख्या कंपन्यांमुळे आपल्या भागालाही तो मिळतो. पण तो पैसा कायम निधीत टाकायला २०२१ पासून मनाई आहे. गैरवापर रोखणे हा या सगळ्या नियमांचा हेतू असेल, त्याला विरोध नाही. तरीही शहराच्या गंगाजळीत पाणी टाकणारी तीन दारे त्यांनी अर्धी लोटून घेतली, असे मला प्रामाणिकपणे वाटते. उरतो तो आपल्यासारख्या साध्या दात्यांचा पैसा, आणि मृत्युपत्र.

मृत्युपत्राबद्दल थोडे अधिक. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सहीने होते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. लोक त्यात घराच्या खोल्या वाटतात, दागिने वाटतात, संस्थेचा विषय निघतच नाही. ज्यांना द्यायचे असते ते इमारतीसाठी देतात. कोनशिला दिसते, परिचारिकेचा पगार दिसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत वर्धा रोडवर आणि जबलपूर रोडवर चालत निघालेल्या मजुरांना मोहल्ल्यांनी पोळी-भाजी खाऊ घातली. तेव्हा संस्थांकडे ठेवी होत्या, पण बहुतेक ठेवींवर विषयांची नावे लिहिलेली होती. कामी आला तो ज्यांनी ‘तुम्हांला वाटेल तिथे खर्च करा’ म्हणून दिला होता तो पैसा. देताना क्षेत्र सांगा, वस्तू सांगू नका. आणि तुमचा हेतू कधी निरर्थक ठरला तर विश्वस्तांनी त्याच्या जवळचे काम निवडावे, हे एक वाक्य पत्रात लिहून ठेवा, एवढीच विनंती मी येणाऱ्या प्रत्येकाला करतो.

मागच्या वर्षी आम्ही सव्वीस ठेवींच्या दात्यांच्या वारसांना, अट सैल करायला संमती मागणारी पत्रे लिहिली. कितीतरी पत्रे पत्ता न मिळाल्याने परत आली. १९७४ च्या ठेवीचे मात्र उत्तर आले. त्या शिक्षकांचे चिरंजीव, आता पंच्याहत्तरीचे काका, प्रतापनगरहून स्वतः आले. वही उघडून वडिलांचे अक्षर बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “आईला संस्कृत येत नव्हतं हो. तिला मुली शिकाव्या एवढंच वाटायचं. बाबांना संस्कृत आवडायचं.” त्यांनी संमतीपत्रावर सही केली, वर दहा हजारांचा धनादेश दिला आणि आईचे नाव तेवढे राहू द्या म्हणाले. ते राहिले आहे. या जूनपासून त्या नावाच्या निधीतून हिंगण्याहून बर्डीला कॉलेजात येणाऱ्या एका मुलीचा बसचा पास निघतो. तिचा विषय वाणिज्य आहे.