वॉर्साचा बाजार, लॅमिंग्टन रोड आणि फुकटच्या गेमच्या सबबी

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदीच्या सुरुवातीला वॉर्सा शहरात ग्झिबोव्स्का रस्त्यावर शनिवार-रविवारी संगणकाचा बाजार भरायचा. टेबलांवर कॅसेटी आणि फ्लॉपी, आणि त्यांत पश्चिम युरोप-अमेरिकेत निघालेले गेम, बहुतेक नकल केलेले. अस्सल प्रत कुठे मिळेल, असं विचारण्यात अर्थ नव्हता. पोलंडमध्ये ती कोणी विकतच नव्हतं. संगणकाचे प्रोग्राम स्पष्टपणे कॉपीराइटच्या कक्षेत आणणारा कायदा तिथे १९९४ साली झाला. त्याआधी नकल विकणाऱ्याला आपण काही चोरतोय असं वाटण्याचं फारसं कारण नव्हतं, आणि विकत घेणाऱ्याला तर नव्हतंच.

पूर्व युरोपात सगळीकडेच थोड्याफार फरकाने हे चित्र होतं. बेलग्रेडच्या रेडिओवर 'व्हेंटिलेटर २०२' नावाच्या कार्यक्रमात संगणकाचे प्रोग्राम चक्क आवाजाच्या रूपात प्रसारित होत. श्रोत्यांनी टेपरेकॉर्डर लावून ते उतरवून घ्यायचे आणि कॅसेट संगणकाला जोडायची. माल पोचण्याचा रस्ताच नकलेतून जात होता.

वॉर्साच्या त्या बाजारात शाळकरी वयात क्रॅक केलेले, म्हणजे नकल रोखणारं डिजिटल कुलूप फोडलेले, गेम विकणारा एक मुलगा होता मार्चिन इविन्स्की. त्याचा मित्र मिहाऊ किचिन्स्की हाही गेमच विकायचा. १९९४ मध्ये दोघांनी दोन हजार डॉलरच्या भांडवलावर, ओळखीतल्या एकाच्या फ्लॅटमध्ये, गेम रीतसर आयात करणारी कंपनी काढली. तिचं नाव सीडी प्रोजेक्ट. पुढे 'द विचर' आणि 'सायबरपंक २०७७' करणारी हीच ती कंपनी.

पायरसीचं समर्थन करता येतं का, या वादात ही कंपनी मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण ती वादाच्या दोन्ही बाजूंना राहून आलेली आहे. १९९९ मध्ये तिने 'बाल्डर्स गेट' पोलिश भाषेत आणला. गेम पाच सीडींचा, म्हणजे बाजारातल्या नकलेलाही पाच सीडींचे पैसे पडणार. यांनी मोठ्या खोक्यात नकाशा, जाडजूड पुस्तिका असा ऐवज भरला आणि आवाजासाठी नामवंत नट घेतले. निवेदक होते प्योत्र फ्रोन्चेव्स्की. 'वाटेला लागण्यापूर्वी सवंगडी जमवावेत' अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य पोलंडमध्ये आजही म्हणीसारखं वापरलं जातं. पहिल्याच दिवशी १८,००० प्रती गेल्या. कायदा होऊन पाच वर्षं झाली होती आणि नकलांचा बाजार जोरात होता. पोलीस जास्त फिरायला लागले म्हणून गिऱ्हाईक फिरलं नाही. नकलेत न मिळणारी वस्तू समोर आली, म्हणून फिरलं.

आपल्याकडे क्रम उलटा होता. इथे कायदा आधी आला, दुकान फार नंतर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम घातले गेले, तेही 'साहित्यकृती' म्हणून. (बाल्डर्स गेट शोभेल साहित्य म्हणून, टेट्रिसचं काय करायचं हे ज्याने त्याने ठरवावं.) १९९४ च्या दुरुस्तीने कलम ६३ ब आलं: नकली प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल, तर कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. नव्वदीत घरच्या टीव्हीला गेम जोडून बसलेल्या एकाही पोराने हे कलम ऐकलेलं नसणार.

आणि पोराला दोष तरी कसा द्यायचा? 'टीव्ही गेम' म्हणून जे खोकं घरी यायचं, ते बहुतेक वेळा निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नकल असे. सोबतच्या कॅसेटवर '९९९९९९ इन वन' असं छापलेलं. आत पाचपन्नास गेम आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा. मारिओ हा जपानमधल्या कुठल्या कंपनीचा आहे आणि तिला यातला एक पैसाही मिळालेला नाही, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळलं. आईवडिलांनी दुकानात रोख पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू होती ती. फुकट मिळवलं, ही भावनाच नव्हती.

मग पीसी आला, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या पदपथावर, इतर शहरांत तसल्याच कुठल्या तरी गल्लीत, पातळ प्लास्टिकच्या पाकिटातली सीडी मिळू लागली. कव्हर झेरॉक्स केलेलं, सीडीवर मार्करने लिहिलेलं नाव, आत 'क्रॅक' नावाचं फोल्डर. त्यातली फाइल उचलून गेमच्या फोल्डरात टाकायची आणि 'रिप्लेस?' विचारलं की 'येस' म्हणायचं. संगणकाचं पहिलं शिक्षण कित्येकांना इथेच मिळालं. सायबर कॅफेत 'व्हाइस सिटी' आणि 'काउंटर स्ट्राइक' तासाच्या भाड्यावर चालत. प्रत कुठली, हे कोणी विचारत नसे. 'ओरिजिनल' घेतलेला माणूस आमच्या ओळखीत एकही नव्हता. मीही त्याच सीड्यांवर वाढलो.

त्या काळापुरती 'मिळतच नाही' ही सबब खरी होती. निदान बरीचशी. प्रश्न आहे तो पुढचा: परिस्थिती बदलली, सबब का बदलली नाही?

व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केलं, पुढे तेच गेमचं ऑनलाइन दुकान झालं. तिचे प्रमुख गेब न्यूएल यांनी २०११ मध्ये मांडलेला मुद्दा प्रसिद्ध आहे: पायरसी ही बहुतेक वेळा किमतीची नव्हे, सेवेची अडचण असते. त्यांनी उदाहरण दिलं होतं रशियाचं. तिथे सगळं पायरेटच होतं, धंदा नको, असं इतर कंपन्या म्हणत. यांनी तिथे नीट सेवा दिली आणि तो देश त्यांच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक झाला. भारतात स्टीमवर रुपयांत किंमत दिसू लागली ती २०१५ च्या अखेरीस. त्याआधी डॉलरमध्ये पैसे भरायचे, म्हणजे परदेशी व्यवहार चालणारं कार्ड हवं. कॉलेजातल्या मुलाकडे ते कुठून येणार? आज तोच व्यवहार फोनवरून यूपीआयने होतो, वर्षातून चारदा सेल लागतो आणि जुने गेम वडापावच्या हिशेबात मोजता येतील इतके उतरतात.

उरतो तो 'महाग आहे' हा मुद्दा, आणि तो खोटा नाही. प्लेस्टेशन ५ वरचा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना येतो; अनेक घरांत महिन्याचा किराणा तेवढ्यात होतो. पण इथे एक अभ्यास आडवा येतो. डेनुव्हो हे ऑस्ट्रियात तयार झालेलं, २०१४ पासून वापरात असलेलं कुलूप. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या विल्यम वोल्कमन यांनी ते लावलेल्या ८६ गेमची आकडेवारी तपासली. गेम बाजारात आल्या आल्या क्रॅक झाला, तर उत्पन्नात सरासरी २० टक्क्यांच्या आसपास घट दिसली. बारा आठवड्यांनंतर क्रॅक झाला, तर जवळजवळ काहीच नाही. याचा अर्थ मी असा लावतो की कंपनीचं नुकसान होतं ते घाईमुळे. ज्याला खरोखर परवडत नाही, तो सहा महिने थांबून सेलमध्ये घेऊ शकतो. पहिल्याच आठवड्यात टोरेंट (इंटरनेटवर एकमेकांकडून फाइल उतरवून घ्यायची पद्धत) लावणाऱ्याची अडचण खिशापेक्षा धीराची असते.

याच्या उलट जाणारा आकडाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. युरोपियन कमिशनने पैसे देऊन करून घेतलेला एक अभ्यास २०१५ मध्ये पूर्ण झाला आणि तसाच कपाटात राहिला; युरोपीय संसदेच्या सदस्य यूलिया रेडा यांनी २०१७ मध्ये तो बाहेर काढला. नव्या गाजलेल्या चित्रपटांच्या विक्रीला पायरसीचा फटका बसतो, असं त्यात दिसलं. गेमच्या बाबतीत मात्र बेकायदा खेळणारे पुढे विकतही घेतात, असा अंदाज निघाला. चुकीची शक्यता मोठी, हे अहवालातच होतं. गेमरांनी अंदाज पाठ केला आणि ते वाक्य गाळलं.

कंपन्यांनी स्वतःच्या हाताने सबबी पुरवल्या, तो काळ म्हणजे २००८ ते २०१३. 'स्पोर' गेमसोबत आलेलं सिक्युरॉम हे कुलूप फक्त तीन वेळा गेम बसवू देई. चिडलेल्या ग्राहकांनी अॅमेझॉनवर एकेक ताऱ्याचा पाऊस पाडला आणि टोरेंटफ्रीक या संकेतस्थळाच्या मोजणीत २००८ सालचा सर्वांत जास्त पायरेट झालेला गेम तोच ठरला, सुमारे १७ लाख डाउनलोड. २०१० मध्ये युबिसॉफ्टने 'अॅसॅसिन्स क्रीड २' ला सतत इंटरनेट लागेल अशी अट घातली. मार्चमध्ये सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे मोजलेले लोक हात चोळत बसले. पुढे क्रॅक घेणाऱ्याला असला जाच नव्हता. विकत घेतलेल्यालाच चोरासारखं वागवायचं, ही रीत कोणाला सुचली असेल देव जाणे.

पण कुलूप काढलं की लोक प्रामाणिक होतात, हेही खरं नाही. 'वर्ल्ड ऑफ गू' २००८ मध्ये बिनकुलपाचा आला, दोन माणसांच्या स्टुडिओने केलेला. त्यांच्याच अंदाजाने खेळणाऱ्यांपैकी ८०-९० टक्के पायरेट. 'गेम डेव्ह टायकून' च्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये स्वतःच एक खास प्रत टोरेंटवर सोडली. गेममध्ये आपण गेम बनवणारी कंपनी चालवतो. या प्रतीत ती कंपनी पायरसीमुळे हटकून बुडायची. पहिल्या दिवशी २१४ जणांनी गेम विकत घेऊन खेळला, ३,१०४ जणांनी ती फुकटची प्रत. त्यांतले काही जण इंटरनेटवर तक्रार करत होते, की लोक माझे गेम चोरतात, यावर काही उपाय आहे का.

सीडी प्रोजेक्टचीही परीक्षा झालीच. २००८ मध्ये तिने जीओजी हे बिनकुलपाच्या गेमचं दुकान काढलं होतं. २०११ च्या 'विचर २' च्या डिस्कवर मात्र कुलूप होतं. ते काही दिवसांतच पहिल्या दुरुस्तीसोबत काढलं गेलं. इविन्स्कींच्या अंदाजाने तरीही ४५ लाख प्रती पायरेट झाल्या. गंमत अशी की टोरेंटवर आधी फिरली ती जीओजीची उघडी प्रत नव्हे, तर डिस्कचं कुलूप फोडलेली. फोडणाऱ्यांना फोडण्यातच रस. (त्यांच्या जुन्या पिढीने क्रॅकच्या सुरुवातीला स्वतःची चित्रं आणि संगीत जोडलं, त्यातून 'डेमोसीन' नावाची कलाच उभी राहिली, फिनलंडने २०२० मध्ये ती आपल्या जिवंत वारशाच्या यादीत घातली.) त्यानंतर कंपनीने जर्मनीत डाउनलोड करणाऱ्यांना वकिलाच्या नोटिसा धाडल्या. ओरड झाली आणि जानेवारी २०१२ मध्ये नोटिसा थांबल्या. ग्झिबोव्स्काच्या बाजारात उभं राहिलेल्या माणसाने तरी असं करायला नको होतं, हे मला वाटतं. पण ४५ लाख हा आकडा समोर ठेवून मी वेगळा वागलो असतो का, सांगता येत नाही.

'कंपनी गब्बर आहे' या सबबीबद्दल थोडक्यात. ती सांगणारे माणूस बघून क्रॅक करत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' २०२० मध्ये आला. आधी लोकवर्गणीतून पैसे उभे करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. टोरेंटच्या यादीत असा गेम आणि अब्जावधीची कंपनी यांच्यात फरक करणारा रकाना नसतो.

अलीकडे मात्र एक नवं कारण आलंय, आणि ते मला जुन्या सगळ्यांपेक्षा वजनदार वाटतं. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ चा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम कोणालाच चालेना. त्यातून उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेने २०२५ मध्ये युरोपात दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळतच नाहीत. म्हणजे ग्झिबोव्स्काचीच परिस्थिती, फक्त या वेळी दुकान होतं आणि मालकाने ते बंद केलं. अशा गेमची नकल केल्याने कुठली विक्री बुडते, हे मला कोणी सांगितलेलं नाही. आपल्या कायद्यातही कलम ५२(१)(अअ) हे रीतसर प्रत असलेल्याला सुरक्षेसाठी दुसरी प्रत करू देतं. २०१२ मध्ये आलेलं ६५अ हक्कभंगासाठी कुलूप फोडणं गुन्हा ठरवतं. पण कायद्याला मान्य असलेल्या कारणासाठी फोडलं, तर त्यात सूट आहे. बंद पडलेल्या सर्व्हरबद्दल मात्र कायद्यात शब्द नाही.

जीओजीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जुने गेम नव्या संगणकांवर चालते ठेवण्याचा उपक्रम सुरू केला, पहिल्या खेपेला शंभर गेम घेऊन. तिथून घेतलेल्या गेमची फाइल आपल्या डिस्कवर उतरते आणि दुकान उद्या बंद पडलं तरी चालते. तिला कुलूप नाही. पेन ड्राइव्हवर घालून मित्राला द्यायची ठरवली, तर ती फाइल अडवत नाही.