ज्युनियरनं फक्त तारीखच घ्यायची?

दारव्हा असो की चिमूर, तालुका कोर्टाच्या आवारात एक समज पक्का आहे: नव्या वकिलाला युक्तिवादाचा अधिकारच नसतो, काही वर्षं सिनियरची फाईल धरावी लागते. धुऱ्याच्या दाव्यात वावर अडकलेला पक्षकारही म्हणतो, "पोट्टं नको, साहेबच बोलू द्या."

कायद्यात असं काही नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ मध्ये वकिलांचे दोनच वर्ग आहेत: सिनियर अ‍ॅडव्होकेट, म्हणजे उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयानं तसा दर्जा दिलेले, आणि इतर. तालुक्यातले बहुतेक 'सिनियर' कायद्याच्या भाषेत ज्युनियरच्याच वर्गातले! याच कायद्याचं कलम ३० सनदधारकाला न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क देतं. ते लागू मात्र १५ जून २०११ ला झालं.

अडचण सवयीची आहे, आणि थोडी प्रक्रियेचीही. दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची तपासणी, प्रतिज्ञापत्रावर होतो. साक्षीदाराला प्रश्न विचारत शिकायची सोपी पायरीच त्यात गेली. थेट उलटतपास नवख्याच्या हाती कोण देणार? मग मुदतीचा अर्ज, किरकोळ जामीन, मनाई अर्जावरचा युक्तिवाद, एवढं तरी सिनियरनं सोडावं. स्वतः मागे बसावं. पक्षकाराला आदल्या दिवशी सांगितलं की तो सहसा कुरकुरत नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही विचारावं. गरजू आरोपींना मोफत वकील देणाऱ्या तिथल्या बचाव वकील योजनेत सहायकाचं पद नवख्यांसाठीच आहे. आणि वकीलपत्रावर सिनियरसोबत ज्युनियरचंही नाव व सही असू द्या. बहुतेक वेळा तेच राहून जातं.