मिल्क स्टाऊट: दूध नाही, साय नाही, मग ही गोडी आली कुठून?

नाशिककराच्या हातात वाईनचा ग्लास आला की तो आपोआप गोल फिरतो, मग नाक आत, मग घोट. २००० साली नाशिकच्याच सुला वाइनरीची पहिली वाईन आली आणि हळूहळू ही सवय सगळ्यांच्याच अंगवळणी पडली. पण तोच माणूस बिअर मागवताना सांगणार, 'एकदम चिल्ड आण', आणि समोर काळी गोडसर क्रीमी स्टाऊट आली तरी हिशोब तोच, मग दोन घोटांत 'काय जळकं लागतंय रे' म्हणून ग्लास मित्राकडे सरकवतो. त्या ग्लासातला काळा रंग, गोडी आणि फेस हे तीन निरनिराळ्या वेळी आलेत आणि तिघांची कारणंही निरनिराळी आहेत, ते माहीत असलं की चव जरा सुटी सुटी कळायला लागते.

सुरुवात अठराव्या शतकातल्या लंडनमधून. तिथले हमाल जी गडद तपकिरी बिअर प्यायचे ती पोर्टर, आणि त्यातली जास्त कडक ती स्टाऊट पोर्टर, पुढे नुसतीच स्टाऊट. रंग यायचा तपकिरी माल्टमुळे, म्हणजे मोड आणून भट्टीवर जास्त भाजलेल्या बार्लीमुळे. मग ब्रूअरांच्या हातात हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, आलं आणि कळलं की तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टमधून साखर बरीच जास्त सुटते, म्हणजे इतकी वर्षं पैसे धुरात चालले होते! सगळे फिक्याकडे वळले, पण गिऱ्हाइकाला तर काळी बिअरच हवी, मग जळकी साखर वगैरे घालून रंग आणायचे प्रकार सुरू झाले आणि १८१६ साली ब्रिटिश कायद्याने तेही बंद केलं. पुढच्याच वर्षी, १८१७ ला, डॅनियल व्हीलरने माल्ट भाजायच्या फिरत्या लोखंडी पिंपाचं पेटंट घेतलं. पिंप फिरत राहिल्यामुळे दाणा आग न धरता आतपर्यंत काळा होतो, आणि असा काळा माल्ट अगदी थोडा घातला तरी अख्खी बिअर काळी. कॉफीचा, कडू चॉकलेटचा जो वास येतो तो इथून, कॉफी घातलेली नसतेच बहुतेक वेळा.

आपल्याकडे नाव फक्त इंडिया पेल एल या फिक्या बिअरचं होतं, पण ती जास्त करून साहेब लोकांची. गोऱ्या शिपायांसाठी बोटीतून पोर्टर यायची, तीही भरपूर. मायदेशी परतायच्या बोटीची वाट बघत हे शिपाई आपल्या देवळालीच्या छावणीत पडून असायचे. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या डूलाली या मायक्रोब्रुअरीचं नाव त्या देवळालीवरूनच आलंय, आणि हे नाशिकमध्येच कित्येकांना माहीत नसतं.

आता गोडी. १८७५ साली जॉन हेन्री जॉन्सनने व्हे (दूध फाडल्यावर उरणारं पाणी), लॅक्टोज आणि हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) यांच्या बिअरचं पेटंट मागितलं होतं, पण धंदा जमवला तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडच्या केंटमधल्या हाइथ गावच्या मॅकेसन ब्रुअरीने. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. बिअरचं यीस्ट बाकीच्या बहुतेक साखरा खाऊन दारू करतं, पण लॅक्टोज फोडायचं एन्झाइम त्याच्याकडे नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी शिल्लक राहते. गंमत म्हणजे तिची गोडी साध्या साखरेच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच, त्यामुळे ती जिभेवर गोडापेक्षा जाडपणा जास्त आणते. त्या काळी या मिल्क स्टाऊटची जाहिरात चक्क पौष्टिक म्हणून व्हायची, बाळंतिणींनाही द्यायचे (आज कुठला डॉक्टर हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये). दुसऱ्या महायुद्धानंतर रेशनिंगच्या काळात ब्रिटिश सरकारने 'मिल्क' शब्द लेबलवरून काढायला लावला, म्हणून तिकडे जुनं नाव स्वीट स्टाऊट. बाकी ज्यांना दूध पचत नाही त्यांनी जपून, लॅक्टोज ते लॅक्टोजच.

फेसाची गोष्ट सगळ्यात अलीकडची. १९५९ साली, गिनेस या आयरिश स्टाऊटवाल्या ब्रुअरीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या मायकल अ‍ॅश नावाच्या गणितज्ञाने बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन वापरायची पद्धत बसवली. नायट्रोजन बिअरमध्ये फार कमी विरघळतो, त्यामुळे बुडबुडे एकदम बारीक, फेस दाट, आणि कार्बन डायऑक्साइड कमी म्हणून जिभेला झिणझिण्या नाहीत. १९८८ पासून कॅनमध्ये विजेट आलं, म्हणजे कॅन उघडला की नायट्रोजन सोडून तसाच फेस आणणारा छोटा तुकडा. ग्लास नीट बघा, कडेचे बुडबुडे खाली जाताना दिसतात! मधून वर चढणारा प्रवाह बिअर वर ढकलतो आणि वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासाच्या कडेने ती खाली उतरते, जाताना बारीक बुडबुडेही ओढून नेते. मिल्क स्टाऊट आणि नायट्रोजन ही जोडी तर बाटलीत २०११ ला आली, अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या लेफ्ट हँड ब्रुअरीकडून, म्हणजे आज जिला आपण 'पारंपरिक क्रीमी स्टाऊट' म्हणतो ती सुलाच्या पहिल्या वाईनपेक्षाही तरुण.

आता पिताना एवढंच, फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, नाशिकच्या मे महिन्यात पाचही पुरे. बर्फासारखी गार असली तर गोडी आणि वास दोन्ही दबतात, उरतो तो भाजक्या माल्टचा कडूपणा. नायट्रोवाली असेल तर वाईनसारखी गरगर फिरवू नका, फेस उगाच मोडतो. आधी वास, मग फेसाखालून मोठा घोट, नुसता फेस चाटून काहीच कळत नाही. आणि चखण्याला तिखटजाळ चिवडा नको, खारे शेंगदाणे किंवा डार्क चॉकलेट घ्या.