नाळेतलं रक्त नेमकं कोणाच्या कामाचं?

सातवा-आठवा महिना लागला की होणाऱ्या आईबाबांना स्टेम सेल बँकांचे फोन सुरू होतात. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवा, पुढे मोठं आजारपण आलंच तर त्याच्याच मूलपेशी (स्टेम सेल) त्याला वाचवतील, हा 'जैविक विमा' आहे, असं सांगितलं जातं. वर हप्त्यांची सोय. बाळाच्या काळजीपोटी अनेक जण सही करून मोकळे होतात.

नाळेतल्या रक्तात रक्त घडवणाऱ्या मूलपेशी असतात, हे खरं आहे. त्यांचा उपयोगही सिद्ध झालेला आहे. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया या आनुवंशिक आजाराने अस्थिमज्जा निकामी होत चाललेल्या एका मुलाला अशा पेशी दिल्या आणि तो बरा झाला. नाळेतल्या रक्ताचं हे जगातलं पहिलं प्रत्यारोपण. ते रक्त मात्र त्याचं स्वतःचं नव्हतं, त्याच्या तान्ह्या बहिणीच्या नाळेतलं होतं.

जाहिरातीत नेमकं हेच येत नाही. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलाच्या नाळेतल्या पेशींतही तोच जनुकीय दोष असतो. त्याच पेशी परत देऊन आजार जाणार कसा? लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर पहिला बिघाड काही वेळा जन्माआधीच झालेला असतो, म्हणून तिथेही डॉक्टर दुसऱ्याच्या पेशींना पसंती देतात. शिवाय एका नाळेतून साधारण १०० मिलिलिटरच्या आसपास रक्त मिळतं. त्यातल्या पेशी लहान मुलाला पुरतात, मोठ्या माणसाला सहसा कमी पडतात.

हे रक्त घेतात कसं, तेही पाहण्यासारखं आहे. बाळ बाहेर आलं की नाळेला चिमटा लावून ती कापतात, वारेकडच्या (प्लॅसेंटाकडच्या) टोकाच्या शिरेत सुई घालतात आणि खाली धरलेल्या पिशवीत रक्त उतरू देतात. पिशवी भरायची तर चिमटा लवकर लावलेला सोयीचा. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, किमान एक मिनिट थांबा. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांसाठी त्याचा लोहाचा साठा वाढतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची आपली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. अशा देशात ते मिनिट पिशवीसाठी खर्च करणं मला तरी पटत नाही.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं, की खासगी साठवण म्हणजे जैविक विमा नव्हे. मेंदू-मणक्याचे आजार, स्वमग्नता (ऑटिझम) यांवर मूलपेशींनी उपचार होतील या आशा आज संशोधनाच्या टप्प्यावर आहेत. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारांवर मूलपेशी वापरायच्या त्या केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांमध्ये. भविष्यातली शक्यता आजची हमी म्हणून विकणं ही घाबरलेल्या पालकांची फसवणूक आहे.

एक अपवाद मोलाचा आहे. घरात आधीच थॅलेसेमियाचं मूल असेल, तर येणाऱ्या भावंडाचं रक्त जरूर साठवावं. सख्ख्या भावंडांच्या पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. गर्भाला थॅलेसेमिया आहे का हे पाहण्यासाठी घेतलेल्या वारेच्या नमुन्यावरूनच पेशी जुळतात का, हेही तपासता येतं. त्यामुळे रक्तविकारतज्ज्ञांना गरोदरपणाच्या सुरुवातीलाच भेटावं.