५०,४९० (संख्या)

५०,४९० ही ग्वाल्हेरच्या एका जुन्या फुलबागेच्या चौरस हातांतील क्षेत्रफळाची संख्या आहे. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढणीवर एकाच खडकात कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तेथील विक्रम संवत ९३३ (इ. स. ८७६) च्या संस्कृत शिलालेखात देवाच्या बागेसाठी दिलेली जमीन २७० हात लांब व १८७ हात रुंद असल्याचे नोंदवले आहे. लेखात फक्त बाजू आहेत, गुणाकार आपण करायचा. हात दीड फुटाचा धरला तर बाग अडीच एकरांहून थोडी मोठी भरते.

लेख प्रतीहार राजा मिहिरभोजाच्या काळातला आहे. त्यातील २७० आणि रोजच्या ५० माळा या आकड्यांमध्ये शून्य लहान वर्तुळाने कोरले आहे. या शून्याला कधी कधी ‘जगातले पहिले शून्य’ म्हटले जाते; पण शून्य असलेला कंबोडियातील शके ६०५ (इ. स. ६८३) चा लेख याहून जुना असल्याने तो दावा टिकत नाही. तरीही ग्वाल्हेरचा लेख मोलाचा वाटतो, कारण इथे शून्य कुणा पंडिताच्या ग्रंथात नाही, जमिनीच्या मोजमापात आणि माळांच्या हिशेबात वापरलेले आहे. शून्याशिवाय ५०,४९० चे नुसते ५४९ उरतात.

पाढे पाठ असणाऱ्याला हा गुणाकार कागदाविना जमतो. सत्तावीस दोनशे वेळा घेतले की ५,४००. त्यातून सत्तावीस तेरा, म्हणजे ३५१, वजा करायचे. ५,०४९ उरतात आणि त्यावर एक शून्य. ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागातल्या मराठी घरांतून मुलांना किल्ला दाखवायला नेताना हे गणित त्यांना जरूर घालावे.

मूळ अवयवांत ५०,४९० = २ × ३³ × ५ × ११ × १७. विभाजक ६४ असून त्यांची बेरीज १,५५,५२० येते; संख्या स्वतः वगळली तरी १,०५,०३० उरतात, म्हणजे तिच्या दुपटीहून जास्त.

६४ विभाजकांच्या ३२ जोड्या होतात. म्हणून पूर्ण हातांच्या बाजू घेऊन एवढ्याच क्षेत्रफळाचे ३२ वेगवेगळे आयत आखता येतात. चौरसाच्या सर्वांत जवळचा आयत २५५ × १९८, आणि त्याच्या लगेच मागे शिलालेखातला २७० × १८७. या दोन बाजू सहमूळ आहेत. त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नाही. त्याचा परिणाम जमिनीवर दिसू शकतो: बागेचे हात-हात बाजूचे चौरस पाडून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणली, तर ती ४५६ चौरसांतून जाते (२७० + १८७ − १) आणि वाटेत कोणत्याही चौरसाच्या कोपऱ्याला लागत नाही.

२७० ही बाजू स्वतंत्रपणेही लक्षणीय आहे. तिच्या १६ विभाजकांचा हरात्मक मध्य (विभाजकांची संख्या भागिले त्यांच्या व्यस्तांची बेरीज) नेमका ६ येतो. असा मध्य पूर्णांक येणाऱ्या संख्या विरळा: १, ६, २८, १४० आणि मग २७०.

५०,४९० च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी एक संख्याही हिच्या विभाजकांत आहे. ५०,४९० = १७० × २९७. २९७ ही कापरेकर संख्या आहे: तिचा वर्ग ८८,२०९, आणि त्याचे दोन तुकडे मिळवले की तीच संख्या परत येते, ८८ + २०९ = २९७.